देवाला माफच करायचं होतं तर क्रूस कशाला?

प्रश्न असा आलाय: "ख्रिश्चन लोक गळ्यात क्रॉस घालतात, पण तो तर माणसं मारायचा खांब होता ना, मग त्याची पूजा कशी काय करता? आणि देव सर्वशक्तिमान आहे तर त्याला पापं अशीच माफ करता येत नव्हती का? स्वतःच्या मुलाचा बळी घेणारा देव प्रेमळ कसा?" विचारणाऱ्या ताईंनी शेवटी सॉरी पण म्हटलंय, भावना दुखावल्या असतील तर म्हणून. ताई, सॉरी कशाला, आमच्या कन्फर्मेशनच्या (मोठं झाल्यावर आपला विश्वास जाहीर करण्याच्या विधीच्या) क्लासमधली दहावीची पोरं हेच याच्यापेक्षा कडक शब्दांत विचारतात, आणि त्यांना गोलगोल उत्तर दिलं की पुढच्या रविवारी येत नाहीत.

मी पाळक (पास्टर) आहे, प्रॉटेस्टंट, आयुष्य नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमधे, म्हणजे चर्चमधे, गेलं. आमच्या बायबलमधे वधस्तंभ म्हणतात, वसईकडचे कॅथलिक क्रूस म्हणतात, इथं लिहायला सोपं म्हणून मी क्रूसच म्हणतो.

पूजेचं आधी उरकून टाकतो कारण ते सोपंय. लाकडाची पूजा कोणीच करत नाही. आमच्या चर्चमधे नुसता रिकामा क्रूस असतो, कॅथलिक चर्चमधे त्यावर येशूचं शरीर पण असतं. शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडे, आम्ही उत्तम शुक्रवार म्हणतो) दुपारी कॅथलिक लोक झाकलेल्या क्रूसावरचं कापड टप्प्याटप्प्यानं काढतात आणि मग म्हातारी माणसं, लेकरं, सगळे रांगेनं येऊन गुडघे टेकतात, त्याचं चुंबन घेतात. बाहेरून बघणाऱ्याला ती पूजा वाटणार, पण त्यांना विचारा, ते सांगतील की मान देतोय तो ज्यानं जीव दिला त्याला. मुंबईत गिरगाव-वांद्र्याच्या जुन्या गावठाणांत गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस दिसतात बघा, त्यातले बरेचसे १८९६ च्या प्लेगच्या साथीत लोकांनी उभे केले, घरोघरी माणसं मरत होती आणि लोक संध्याकाळी तिथं जमून प्रार्थना करायचे. मरणाच्या साथीत मरणाचीच खूण का उभारली असेल, हा विचार बाजूला ठेवा, पुढं लागेल.

आता मूळ गोष्ट. आज क्रॉस म्हटलं की लॉकेट, टॅटू, हॉस्पिटलची पाटी. पहिल्या शतकातल्या माणसाला ते नाव घेतलं तरी किळस यायची. ही शिक्षा रोमन लोकांनी शोधली नाही, त्यांच्या आधी इराणी आणि कार्थेजवाले द्यायचे, रोमन लोकांनी तिचं राज्य चालवायचं हत्यार केलं. इ.स.पूर्व ७१ मधे स्पार्टाकसचं गुलामांचं बंड मोडलं तेव्हा कापुआपासून रोमपर्यंत, म्हणजे साधारण २०० किलोमीटरच्या रस्त्याच्या कडेनं ६,००० माणसं खांबांवर टांगली होती. उद्देश नुसतं मारणं हा नव्हताच, ते तलवारीनं एका मिनिटात होतं. उद्देश होता की जाणाऱ्या-येणाऱ्यानं बघावं. म्हणून गावाबाहेर हमरस्त्याला, अंगावरचे कपडे काढून, वर गुन्ह्याची पाटी लावून, आणि जीव जायला कधी कधी दोन-तीन दिवस. रोमन नागरिकाला ही शिक्षा सहसा द्यायचे नाहीत, ती गुलामांची, दरोडेखोरांची, बंडखोरांची. सिसेरो हा त्यांचा मोठा वकील, तो एका खटल्यात म्हणाला की क्रूस हा शब्दसुद्धा रोमन माणसाच्या डोळ्या-कानांपासून आणि मनापासूनही लांब असावा.

आणि हे नुसतं पुस्तकातलं नाहीये. १९६८ ला जेरुसलेमजवळ एका थडग्यात अस्थींची पेटी सापडली, तिच्यात एका तरुणाच्या टाचेचं हाड होतं आणि त्या हाडातून आरपार साडेअकरा सेंटिमीटरचा लोखंडी खिळा गेलेला. खिळ्याचं टोक ठोकताना वाकलं होतं म्हणून तो पाय सोडवताना निघालाच नाही, तसाच घरच्यांनी पुरला. हजारो लोकांना क्रूसावर दिलं पण असा पुरावा फार थोड्यांचा मिळाला, कारण बहुतेकांना धड मूठमाती मिळालीच नाही.

तर विचार करा, अशा माणसाला "प्रभू" म्हणायचं, तेही शिक्षा झाल्यावर पंचवीसेक वर्षांतच, करिंथसारख्या बंदराच्या शहरात उभं राहून. सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल लिहितो की आम्ही क्रूसावर खिळलेला ख्रिस्त गाजवतो, यहुद्यांना (ज्यूंना) ते अडखळण आणि ग्रीकांना मूर्खपणा. यहुद्यांना अडखळण का, तर बायबलच्या जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, अध्याय २१ मधे, सरळ लिहिलंय की झाडाला टांगलेला माणूस देवानं शापलेला असतो. म्हणजे धर्माच्या हिशेबानं शापित, सरकारच्या हिशेबानं गुन्हेगार, समाजाच्या हिशेबानं नागडा. प्रचारासाठी कोणी गोष्ट रचली असती तर ही रचली नसती हो.

लोक हसायचे याचा पुरावा पण आहे. रोममधे पॅलाटिन टेकडीवर १८५७ ला एका भिंतीवर कोरलेलं चित्र सापडलं, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या शतकातलं, एखाद्या टवाळ पोरानं काढावं तसं. क्रूसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, खाली एक जण हात वर करून उभा आणि बाजूला ग्रीकमधे लिहिलंय की अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतोय. क्रूसावरच्या ख्रिस्ताचं जे अगदी जुनं चित्र आज हातात आहे ते हे, एका ख्रिस्ती माणसाची टिंगल. स्वतः ख्रिस्ती लोक तेव्हा मासा काढायचे, जहाजाचा नांगर काढायचे, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ काढायचे, क्रूसावरचा येशू उघडपणे काढत नव्हते. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइननं ती शिक्षा बंद केली, ती डोळ्यानं बघितलेली पिढी गेली, आणि मग कुठं रोमच्या सांता सबिना चर्चच्या लाकडी दरवाजावर, साधारण ४३० च्या सुमारास, येशू आणि दोन चोर हात पसरून उभे दिसतात, तिथंही मागचे क्रूस धड दिसतच नाहीत इतके लाजत लाजत कोरलेत.

आता तुमचा खरा प्रश्न, माफ करायला रक्त कशाला.

यावर मी आधी एक गोष्ट सांगतो जी आमच्याच बऱ्याच लोकांना माहीत नसते. क्रूसामुळे माणूस वाचतो हे पहिल्यापासून सगळी मंडळी मानत आली, पण *कसा* वाचतो याचं एकच अधिकृत स्पष्टीकरण जुन्या विश्वपरिषदांनी, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभांनी, कधी ठरवलंच नाही. येशू देव की माणूस यावर भांडण झालं, परिषदा बसल्या, वाक्यं घासूनपुसून ठरवली. क्रूसाबद्दल ३८१ च्या मतांगीकारात (आम्ही काय मानतो ते सांगणाऱ्या कबुलीत) एवढंच आहे की आमच्यासाठी पंतय पिलाताच्या, म्हणजे तेव्हाच्या रोमन गव्हर्नरच्या, वेळी क्रूसावर खिळला गेला. "आमच्यासाठी", बस. पुढं कसं आणि काय ते लोकांनी आपापल्या काळाच्या भाषेत सांगितलं.

जुन्या काळी गुलामांचा बाजार होता, तर ओरिगेनसारखे जुने धर्मपंडित म्हणाले खंडणी. येशू स्वतः म्हणतोच की मी पुष्कळांच्या मोबदल्यात प्राण द्यायला आलोय. पण खंडणी दिली कोणाला? काही म्हणाले सैतानाला, निस्साच्या ग्रेगरीनं तर गळाला लावलेल्या आमिषासारखं सैतानाला फसवलं असंही लिहिलं, आणि त्याचाच मित्र नाझियांझसचा ग्रेगरी याला ते अजिबात पटलं नाही. तो म्हणाला, सैतान लुटारू आहे, त्याला कशाची खंडणी देता? आणि पित्याला म्हणावं तर अब्राहामानं आपल्या मुलाला, इसहाकाला, वेदीवर ठेवलं तेव्हा ज्यानं तो बळी घेतला नाही, बदल्यात मेंढा दिला, तो एकुलत्या एकाच्या रक्तानं खूश कसा होईल? म्हणजे बघा ताई, तुमचा प्रश्न चौथ्या शतकात एका बिशपनं भर उपदेशात विचारून ठेवलाय.

मग अकराव्या शतकाच्या शेवटी अन्सेल्म हा धर्मपंडित आला, त्याच्या भोवती सरंजामशाही, मालकाच्या इज्जतीला धक्का लागला तर भरपाई पाहिजे असा जमाना, त्यानं देवाच्या मानाची भरपाई अशी मांडणी केली. पुढं आबेलार्ड हा दुसरा पंडित म्हणाला की ते प्रेम बघून माणूस बदलतो हेच खरं. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन स्वतः वकिलीचं शिक्षण घेतलेला, त्याच्याकडं कोर्टाची भाषा आली, शिक्षा आपली होती ती त्यानं भोगली. आमच्या गावाकडच्या उपदेशांत सगळ्यात जास्त चालते ती हीच, कोर्टाची.

ती खोटी आहे असं मी म्हणत नाही, जुन्या करारातल्या यशया ५३ मधे आमच्या अपराधांमुळे तो घायाळ झाला असं आहेच. पण ती एकटीच सांगितली की घोळ होतो. ती गोष्ट ऐकली असेल, रेल्वेच्या पुलाचा ऑपरेटर, गाडी येतेय, मुलगा गिअरमधे अडकलाय, बाप प्रवाशांना वाचवायला पूल खाली घेतो आणि मुलगा मरतो. उत्तम शुक्रवारी कोणीतरी ती हमखास सांगतं आणि बायका डोळे पुसतात. मला ती गोष्ट सहन होत नाही. त्यात मुलाला काही माहीतच नाही, त्याला कोणी विचारलेलं नाही, बापाचं प्रेम आणि मुलाचा जीव असा सौदा आहे तो. बायबलमधला येशू सांगतो की माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन देतो. आणि पौल लिहितो की देव *ख्रिस्तामधे* होता, जगाचा स्वतःशी समेट करत होता. म्हणजे वर एक रागावलेला देव आणि खाली एक बिचारा तिसराच निरपराध माणूस, असं चित्र नाहीच ते. ख्रिस्ती विश्वास असा आहे की क्रूसावर जो आहे तो देवच आहे. मुलाचा बळी घेणारा देव नव्हे, ज्याच्याविरुद्ध गुन्हा झालाय तोच आपण होऊन शिक्षेच्या जागी जाऊन उभा राहिला. हे त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, मानल्याशिवाय क्रूस समजत नाही, आणि त्रैक्य बाजूला ठेवलं की तुमचा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे, असा देव क्रूरच म्हणावा लागेल.

मग "अशीच" माफी का नाही? तर अशीच माफी नसतेच कुठं. भाच्याला तुम्ही ५०,००० रुपये दिले, तो बुडवून बसला, तुम्ही म्हणालात जाऊदे सोडून दिले. पैसे हवेत गेले का? नाही, ते तुमच्या खिशातून गेले. माफ करणाऱ्याला तोटा सोसावाच लागतो, आणि पैशाच्या पुढच्या गोष्टी असतील, विश्वासघात, बदनामी, खून, तर आतून किती जातं ते ज्यानं माफ केलंय त्यालाच माहीत. देवानं तो तोटा ढगात बसून सोसला नाही, एका ठरावीक शुक्रवारी, एका ठरावीक गव्हर्नरच्या सहीनं, सकाळी नऊ ते दुपारी तीन, उघड्यावर सोसला, असं आम्ही मानतो. मार्कच्या शुभवर्तमानात (येशूचं चरित्र सांगणाऱ्या मत्तय, मार्क, लूक, योहान या बायबलातल्या चार पुस्तकांतलं एक) वेळा दिल्यात म्हणून सांगतो. पिलात तर येशू इतक्यात मेला कसा म्हणून चकित झाला असंही तिथंच आहे.

आता थोडं जवळून. आमच्याकडं उत्तम शुक्रवारी बारा ते तीन उपासना असते, क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. कमिटीत वाटणी होते तेव्हा "हे बापा, त्यांना क्षमा कर" यावर बोलायला सगळे तयार, "पूर्ण झाले आहे" पण मागून घेतात, चौथा उद्गार कुणालाच नको असतो. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" शेवटी तो पाळकाच्या गळ्यात पडतो. गंमत म्हणजे सातातले तीन लूकमधे आहेत, तीन योहानात, आणि मार्क-मत्तयनं मात्र हा एकच दिलाय, दुसरा एकही नाही. मार्कच्या येशूचं मरतानाचं शेवटचं वाक्य हा प्रश्न आहे, त्यानंतर फक्त एक मोठी आरोळी. आणि हे वाक्य त्याच्या बोलीत, आरामीत, जसंच्या तसं ठेवलंय, एलोई एलोई लमा सबख्थनी, जणू ऐकणाऱ्याच्या कानातून ते गेलंच नाही. पुष्कळ उपदेशक लगेच समजावतात की ही जुन्या करारातल्या स्तोत्र २२ ची पहिली ओळ आहे आणि त्या स्तोत्राचा शेवट गोड आहे. बरोबर आहे, आहे तसं. पण शेवट गोड आहे म्हणून पहिल्या ओळीतली कळ खोटी होत नाही, आणि मला वाटतं आपण ते घाईनं सांगतो कारण आपल्यालाच ते ऐकवत नाही.

युर्गेन मोल्टमान म्हणून जर्मन धर्मपंडित होते, दुसऱ्या महायुद्धात पोरसवदा सैनिक, मग ब्रिटिशांच्या कैदेत. आपल्या देशानं काय करून ठेवलंय ते त्यांना कैदेत कळलं, आणि मार्क वाचताना याच वाक्यापाशी ते थांबले, की हा मला समजून घेणारा आहे. पुढचं त्यांचं सगळं काम तिथून निघालं.

आणि एक चित्र. फ्रान्समधे कोल्मार गावात ठेवलंय, ग्र्यूनेवाल्डनं साधारण १५१२ ते १५१६ मधे इझेनहाइमच्या मठासाठी काढलं. त्या मठात खराब राई खाऊन होणाऱ्या भयंकर रोगाचे पेशंट ठेवायचे, अंगाला आग लागल्यासारखं व्हायचं, कातडी सडायची, हातपाय कापावे लागायचे. चित्रातला येशू गोरा-गोमटा नाही, त्याच्या सगळ्या अंगावर फोड आणि काटे रुतलेले, कातडी हिरवट, बोटं वेडीवाकडी ताणलेली. पेशंटांपुढं त्यांच्यासारखाच दिसणारा देव ठेवला होता. प्लेगच्या साथीत गल्लीच्या तोंडाशी क्रूस का उभा राहिला त्याचं उत्तर मला त्या चित्रात मिळतं.

आता आपल्याकडं लोक हमखास विचारतात ते, की ज्याचं कर्म त्यानं भोगावं, दुसऱ्यानं कसं भोगायचं, आणि मग तुम्ही काय रविवारी माफी मागून सोमवारी परत सुरू का? तर येशूबरोबर क्रूसावर दिलेल्या दोन चोरांपैकी उजवीकडच्याकडं बघा (उजवीकडचा ही परंपरा, बायबलमधे बाजू दिलेली नाही). तो म्हणतो आपल्याला योग्य शिक्षा मिळतेय, माझी आठवण ठेव. येशू म्हणतो आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. माफी मिळाली, तिथल्या तिथं. पण त्याला खाली उतरवलं का? नाही. संध्याकाळी शिपायांनी त्याचे पाय मोडले आणि तो त्याच क्रूसावर मेला. परिणाम भोगावाच लागला, फक्त तो भोगताना तो एकटा राहिला नाही. चोरी केली तर पोलीस स्टेशनला जावं लागेल, माफी झाली म्हणून पोलीस सोडत नाहीत आणि सोडूही नये.

एका गोष्टीवर मात्र मी चिडतो. दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "सहन कर, हा तुझा क्रूस आहे, उचल" असं सांगणारे आमच्यात आहेत, त्यात पाळकही आहेत. हे साफ चूक. आपला क्रूस उचला असं येशू म्हणाला ते त्याच्या मागं चालताना जगाकडून जो त्रास येईल त्याबद्दल, आणि तो आपल्या मर्जीनं पत्करायचा असतो. त्याच्यावर दगड उचलले तेव्हा तो तिथून निघून गेला, एकदा नाही, दोनदा, योहान ८ आणि १० वाचा. मारणाऱ्याच्या हातात क्रूस देणं म्हणजे खिळे ठोकणाऱ्याची बाजू घेणं आहे. त्या बाईला पोलिसांत जायला सोबत करा, ती येशूचा क्रूस वाहून नेणाऱ्या कुरेनेकर शिमोनासारखी खरी मदत होईल.

आणि इतिहासही झाकत नाही. १०९५ नंतर हाच क्रूस कपड्यावर शिवून लोक युद्धाला गेले आणि १०९९ ला जेरुसलेममधे कत्तल केली. गोव्यात १५६० ला इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) सुरू झालं ते १८१२ ला कायमचं संपलं, तेवढा काळ क्रूसाच्या नावानं माणसांना तुरुंगात टाकलं, जाळलंही. यहुद्यांना "ख्रिस्ताचे खुनी" म्हणून शतकानुशतकं छळलं, जेव्हा ती शिक्षा रोमन होती आणि सही रोमन गव्हर्नरची होती, कॅथलिक चर्चनं १९६५ ला हा आरोप अधिकृतपणे नाकारला. शिक्षा भोगणाऱ्याची खूण शिक्षा देणाऱ्यांनी हातात घेतली, याच्यापेक्षा उलटं काही असूच शकत नाही.

पुनरुत्थानाबद्दल इथं लिहिलं नाही, पण ते सोडून क्रूस अर्धाच राहतो, पौल स्वतः म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. त्याच्यासाठी वेगळा प्रश्न टाका, लिहितो.

आणि ताई, लॉकेट घालू का असं तुम्ही खाली विचारलंय, तुम्ही ख्रिस्ती नाही म्हणून. घाला की, आमची काही हरकत नाही. पण त्याच्या आधी मार्कचे शेवटचे तीन अध्याय, १४ ते १६, एका बैठकीत वाचा, अर्धा तास पण लागत नाही. मग योहान १८-१९ वाचा आणि दोघांतला येशू किती वेगळा बोलतो ते बघा, तिथं अडलं तर विचारा.